रविवारचं शुद्धिपत्र

नाशिकच्या जयवंत कारखानीसांच्या घरात सगळ्यांत मानाची जागा होती ती एका काळ्या डब्याला. स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळी होती, तिच्यावर पूर्वी लोणच्याच्या बरण्या असत. बरण्या ओट्याखाली गेल्या आणि पोळ्यांच्या डब्याएवढा तो मेल सर्व्हर फळीवर चढला, तेव्हापासून शुभदाबाई त्याला 'माझी सवत' म्हणत. "अहो, माझ्या सवतीला ऊन लागतंय, पडदा ओढा," असं त्यांनी पोळ्या लाटता लाटता म्हणावं आणि जयवंतरावांनी खरोखरच उठून पडदा ओढावा. रोज चहाच्या आधी ते मऊ फडक्यानं त्याची धूळ पुसत. लग्नाच्या चाळीस वर्षांत त्यांनी घरातली दुसरी कुठलीही वस्तू पुसलेली कुणी पाहिली नव्हती.

जयवंतरावांची अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं किती सोपं असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते न ऐकण्यात त्यांनी जन्मभर इभ्रत मानली. त्यामुळे २०३० साली लोकांची मेल वाचून त्यांच्या डोक्याचा अंदाज बांधणारी यंत्रं आली, तेव्हा ते जे पेटले ते पेटलेच.

शोध तसा मोठा होता. माणसाची स्मृती ढासळू लागली की बोलण्याआधी ते लिहिण्यात दिसतं, तेही कित्येक महिने आधी. नेमकी नावं गळतात, त्यांच्या जागी 'ते', 'तिकडे', 'ती गोष्ट' येऊ लागतं. वाक्यं तोकडी होतात. एका वाक्यात पूर्वी चार गोष्टी मावत, तिथे एकच मावते. लिहिणाऱ्याला याचा पत्ता नसतो आणि वाचणाऱ्यालाही नसतो, कारण हा बदल केस पिकावेत तसा होतो. पण एखाद्याची दहा वर्षांची पत्रं यंत्रापुढे ठेवली तर ते घसरण सुरू झाल्याचा महिना सांगू शकतं. आता दहा वर्षांची पत्रं असतात कुणाकडे? मेल पुरवणाऱ्या कंपन्यांकडे. त्या माणसाला सौम्य शब्दांत सूचना पाठवत, 'एकदा डॉक्टरांना भेटावे'. आणि तीच सूचना विमा कंपनीलाही पाठवत, कारण तशी परवानगी आपण सगळ्यांनी कुठल्या तरी चौकोनात टिचकी मारून कधीच दिलेली होती.

जयवंतरावांच्या फिरायच्या कट्ट्यावरच्या एका मित्राचा विमा असाच गेला. त्याला स्वतःला अजून काहीच विसरायला झालं नव्हतं.

"माझ्या डोक्यात काय चाललंय ते माझ्याआधी विमावाल्याला कळणार?" जयवंतराव कट्ट्यावर ओरडले, आणि आठवड्याभरात डबा घरी आला. मग त्यांनी एकेका नातेवाइकाला कंपन्यांच्या मेलवरून उठवून आपल्या डब्यात आणून बसवलं. बहुतेकांनी कुरकुर केली. बडोद्याला राहणारी त्यांची धाकटी बहीण वैजयंती तेवढी लगेच आली. दादानं सांगितलं ना, मग झालं.

तिच्या मुलीनं, स्वरूपानं, मात्र फोन केला होता. "मामा, आईला राहू द्या ना तिकडेच. बाबा गेल्यापासून एकटी असते. काही झालं तर निदान सूचना तरी येईल."

"ती सूचना नसते ग, चहाडी असते," मामा म्हणाले होते, आणि आपल्या वाक्यावर खूश होऊन ते दोन दिवस सगळ्यांना ऐकवत फिरले होते.

वैजयंती म्हणजे वैजू. दांडिया बाजारातल्या एका मराठी छापखान्यात तिनं तीस वर्षं प्रुफं तपासली. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून ती दर रविवारी मेल लिहायची, पण मेलसुद्धा लिहायची ती पत्रासारखी. वर 'ती. दादास शि. सा. न. वि. वि.', खाली 'कळावे, लोभ असावा', आणि त्याच्याही खाली शुद्धिपत्र. दादाच्या मागच्या पत्रातल्या चुकांचं. डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध', रीतसर दोन रकाने. जयवंतरावांचं शुद्धलेखन आधीच दिव्य. त्यातून 'चूक' हा शब्द ते जन्मभर ऱ्हस्व लिहीत आलेले. "दादा, निदान चूक तरी बरोबर लिही," असं तिनं किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही.

घरगुती सर्व्हरला एक नवा धोका होता तो खोट्या पत्रांचा. भामट्यांची यंत्रं आता कुणाच्याही ढंगात पत्र लिहू शकत होती. भाच्याच्या नावानं आलेलं पत्र भाच्याचंच वाटायचं, आणि माणसं फसायची. त्यावर तोड म्हणून जयवंतरावांनी स्वतः खपून एक चाळणी तयार केली होती. तिचं नाव पारखी. घरच्या प्रत्येक माणसाची लिहिण्याची चाल पारखी शिकून घेई आणि नव्या प्रत्येक पत्राला शंभरापैकी गुण देई. सत्तराच्या वर असेल तर पत्र आत. खाली असेल तर ते 'अडगळ' नावाच्या कप्प्यात.

आणखी दोन सोयी त्यांनी मोठ्या अभिमानानं केल्या होत्या. एक, नव्वद दिवसांनी प्रत्येक पत्र आपोआप कायमचं पुसलं जाई. जे ठेवलंच नाही ते चोरणार काय? आणि दोन, पारख्यानं दिलेले गुण आणि आपण केलेला प्रत्येक बदल, कारणासह आणि तारखेसह, एका नोंदवहीत जाई. या नोंदवहीची प्रत्येक ओळ मागच्या ओळीत गुंतवलेली होती, लोकरीच्या विणीसारखी. मधली एक ओळ काढली की पुढचं सगळं उसवणार आणि खाडाखोड झाल्याचं कुणालाही कळणार. एक्स्चेंजमधल्या सवयीनं माणूस सगळं लिहून ठेवतो, तसे जयवंतराव लिहून ठेवत. परत वाचत मात्र नसत.

२०४१ च्या सप्टेंबरात स्वरूपा गणपतीसाठी हैदराबादहून आईकडे गेली आणि चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"मामा, आईचं काहीतरी बिघडलंय. मोठं बिघडलंय."

"म्हणजे? गेल्या रविवारी तर पत्र आलं की तिचं."

"काय होतं पत्रात?"

जयवंतरावांनी आठवायचा प्रयत्न केला. शि. सा. न. वि. वि. आठवलं. कळावे, लोभ असावा आठवलं. मधलं काही आठवेना.

"तिनं दारावर दूधवाल्यासाठी चिठ्ठी लावली होती," स्वरूपा म्हणाली. "ऐका. 'ती. दादास शि. सा. न. वि. वि. उद्या ते नको. कळावे, लोभ असावा.' शेजारच्या हंसाबेनना लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या अशाच आहेत, मामा. गॅसवाल्याला पण. सगळ्यांना ती 'ती. दादास' म्हणते."

जयवंतराव खाली बसले. शुभदाबाईंनी पोळपाटावरून मान वर करून पाहिलं.

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. औषध होतं. चार वर्षांपूर्वी आलेलं, महिन्याला एक सलाइन, घसरण जिथे असेल तिथे थांबवणारं. पण घसरण सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आतच ते देता येत होतं, त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा. "सुरुवात कधी झाली त्याचा पुरावा लागतो," स्वरूपा सांगत होती. "नुसतं आमच्या सांगण्यावर डॉक्टर सुई लावणार नाहीत. इतरांचा पुरावा त्यांच्या मेलकंपनीकडून येतो. आईचं जे काही आहे ते तुमच्याकडे. पत्रं पुसता हे माहीत आहे मला. पण काहीतरी नोंद असेल ना? काहीही?"

"बघतो," जयवंतराव म्हणाले.

त्यांनी नोंदवही उघडली आणि वैजूच्या नावापुढचे आकडे एका रेषेत मांडले. सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, वर्षानुवर्षं सपाट. २०३८ च्या दिवाळीनंतर रेषा वाकली होती. एक्क्याण्णव. त्र्याऐंशी. शहात्तर. एकोणसत्तर. पायऱ्या उतराव्यात तशी ती उतरत गेली होती आणि गेल्या रविवारच्या पत्राला चौतीस गुण होते. रेषेच्या उताराला तीन ठिकाणी त्यांच्या स्वतःच्या ओळी होत्या.

'१५ मे २०३९. वैजूचे पत्र अडगळीत गेले. पत्र खरे आहे. तिच्यासाठी मर्यादा सत्तरऐवजी साठ केली. चुक पारख्याची.'

'२२ जानेवारी २०४०. पुन्हा अडगळीत. मर्यादा पन्नास केली. चुक पारख्याची.'

'९ सप्टेंबर २०४०. वैजूचे नाव घरच्या माणसांच्या यादीत टाकले. यापुढे तिची पत्रे अडवू नयेत. चुक पारख्याची.'

त्यांना ते तिन्ही रविवार आठवले. पहिल्या वेळी शुभदाबाईच म्हणाल्या होत्या, "आज वैजूचं पत्र नाही आलं?" मग त्यांनी अडगळ उघडून पत्र काढलं, वरची ओळ वाचली, खालची ओळ वाचली आणि हसत म्हणाले, "वैजूच आहे की ही. आमचा पारखी जरा जास्तच शहाणा झालाय." मधल्या मजकुरात काय होतं? 'परवा ते आलं होतं, मग तिनं ते तिकडे ठेवलं' असलं काहीतरी. त्यांनी ते वाचलं होतं आणि तरी वाचलं नव्हतं. आणि त्याच उन्हाळ्यात शुद्धिपत्र येणं बंद झालं, तेव्हा काय केलं त्यांनी? शुभदाबाईंना अभिमानानं सांगितलं, "दोन महिने झाले, वैजूला माझी एकही चूक सापडलेली नाही. सुधारलो बरं का मी!"

ज्या यंत्राला त्यांनी बहिणीचा हात ओळखायला शिकवलं होतं, त्यानं तीनदा सांगितलं होतं की ही ती नाही, ही बदलते आहे. तीनदा त्यांनी त्याचंच तोंड बंद केलं. कंपनीच्या मेलवर असती तर २०३९ च्या उन्हाळ्यातच वैजूला सूचना आली असती. चहाडी आली असती. आली असती तर किती बरं झालं असतं!

या ओळी स्वरूपा वाचणार. त्या तीन ओळी काढून बाकीचे आकडे द्यावेत, तर वीण उसवलेली दिसणार आणि असा पुरावा कुठलाही डॉक्टर धरणार नाही. द्यायचं तर सगळं द्यायचं, त्यांच्या शब्दांतल्या शहाणपणासकट. अशी चोख नोंदवही त्यांनीच बनवली होती.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. "स्वरूपा, नाही ग काही. सगळं पुसलं गेलंय."

ती म्हणाली, "बरं, मामा. तुम्ही तरी काय करणार." फोन ठेवला तेव्हा त्यांना आपलीच किळस आली.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. 'तुम्ही तरी काय करणार' हे वाक्य घासाघासाला आडवं येई. कट्ट्यावर जाणं बंद झालं. डब्याची धूळ पुसणंही बंद झालं आणि तेच शुभदाबाईंनी आधी टिपलं. रविवार आला. वैजूचं पत्रही आलं, स्वरूपानं लॅपटॉप उघडून दिला असावा. जयवंतराव पडद्याकडे नुसते पाहत बसले होते, तेव्हा शुभदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"'ती. दादास शि. सा. न. वि. वि. मी बरी आहे. ते पण बरं आहे. तू ये. कळावे, लोभ असावा.' अहो, आणि बाजूला हा तेहतीस काय आहे?"

जयवंतरावांना आता खोटं सुचेना. आकडा काय, रेषा काय, तीन ओळी काय, तीन वर्षांची मुदत काय, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "शुभा, मी स्वरूपाला सांगितलं की काही नाही म्हणून."

बायको समजूत घालेल असं त्यांना कुठेतरी वाटत होतं. तिनं घातली नाही.

"दिवाळीला तीन वर्षं पुरी होतील," शुभदाबाई म्हणाल्या. "म्हणजे दीड महिना उरलाय. गेले आठ दिवस तुम्ही तुमची लाज झाकायला वापरलेत."

"मला कळत का नाही ते?"

"माझ्या सवतीनं खरं सांगितलं तर तिला गप्प केलंत. आता वैजूचंही तेच करणार आहात का? उठा. छापा तो कागद. मी बॅग भरते."

बडोद्याला दार हंसाबेननी उघडलं. "वैजुबेन, भाई आव्या," अशी हाक देऊन त्या निघून गेल्या. वैजू बाहेर आली. नीट विंचरलेले केस, इस्त्रीची साडी. तिनं वाकून नमस्कार केला आणि दादाचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं. जयवंतरावांना क्षणभर वाटलं, सगळे उगीच घाबरले आहेत. मग ती शुभदाबाईंकडे वळून हसत म्हणाली, "या ना, बसा. तुम्ही कुणाकडच्या?"

स्वरूपानं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कागद वाचला. पहिल्यांदा आकडे, मग त्या ओळी. परत एकदा ओळी.

"तीनदा, मामा," ती म्हणाली.

"हो."

"आणि नवव्या दिवशी आणून देताय."

"हो."

"माझ्या सासूबाईंना त्यांच्या कंपनीनं पहिल्याच वर्षी कळवलं होतं. विमा गेला त्यांचा. तेव्हा तुम्ही मला फोनवर म्हणालात, बघ, सांगत होतो ना." तिनं कागद गुंडाळला, परत सरळ केला. "पण त्यांना सलाइन वेळेत मिळालं. काल त्यांनी मला फोनवर उंधियूची अख्खी कृती सांगितली. तोंडपाठ. आईला काल उंधियू हा शब्द आठवत नव्हता."

"मला बोल तू. हवं तेवढं बोल."

"बोलून काय करू? पूर्वीची आई परत देणार आहात?" ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत चपला घालायला गेली. डॉक्टरांची वेळ चारची होती.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. त्यांच्या यंत्रानं नोंदवहीची वीण तपासली, कुठेही उसवलेली नाही असं सांगितलं. सुरुवात नोव्हेंबर २०३८, मुदतीला सहा आठवडे बाकी. "सोमवारपासून सुरू करू," ते म्हणाले. "एक लक्षात घ्या, गेलेलं येणार नाही. आज जे आहे ते राहील."

"आणि दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" जयवंतरावांनी विचारलं. उत्तर माहीत असूनही त्यांना ते ऐकायचं होतं.

"तर तेव्हा जे होतं ते राहिलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी आल्यावर स्वरूपा आणि शुभदाबाई कुकर लावायला आत गेल्या. कागद जेवणाच्या टेबलावर पडला होता. जयवंतराव त्याच्यापुढे बसले होते आणि आज काय काय उरलं आहे त्याचा मनातल्या मनात हिशेब करत होते. नमस्कार उरला आहे. लोभ उरला आहे. दादा उरला आहे, आणि तोही दूधवाल्यात आणि गॅसवाल्यात वाटला गेलेला.

वैजू समोर येऊन बसली. तिनं कागद आपल्याकडे ओढला. मग सवयीनं टेबलाच्या खणात हात घालून लाल पेन्सिल काढली. छापखान्यातली, दोन बोटांएवढी उरलेली. तिचा हात ओळीवरून सरकू लागला. आकडे तिनं सोडून दिले. ओठ हलत होते, पण चेहऱ्यावर अर्थाची काही खूण नव्हती. पंधरा मेच्या ओळीच्या शेवटी पेन्सिल थांबली.

"दादा," ती त्रासून म्हणाली. आवाज अगदी जुना होता. "चूक दीर्घ! किती वेळा सांगायचं?"

"चुकलं ग," ते म्हणाले. "पुढे बघ. आणखी आहेत."

तिनं पुढे पाहिलं. दुसऱ्या ओळीत खूण केली, तिसऱ्या ओळीत खूण केली. "तीनदा केलीस तू," ती म्हणाली.

"हो वैजू. तीनदा केली."

मग तिनं कागदाच्या तळाशी, सावकाश आणि सुंदर अक्षरात, 'शुद्धिपत्र' असं लिहिलं. खाली उभी रेघ ओढून दोन रकाने पाडले. डावीकडे 'अशुद्ध' लिहून वरची ओळ अक्षर अक्षर उतरवली: 'चुक पारख्याची'. उजवीकडे 'शुद्ध' लिहिलं, त्याखाली 'चूक' लिहिलं, आणि पेन्सिल तिथेच थांबली. पुढचा शब्द तिला सापडेना. तो डावीकडे तिच्याच अक्षरात होता, पण तिची नजर तिकडे परत जाईना. ती कागदाकडे पाहत राहिली, मग गोंधळून दादाकडे.

जयवंतरावांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि 'चूक'च्या पुढे लिहिलं, 'माझी'.

वैजूनं वाकून तो शब्द तपासला. शेवटच्या दीर्घ वेलांटीवर तिचं बोट जरा रेंगाळलं. पेन्सिल परत घेऊन तिनं त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.